मित्राच्या निगेटिव्हची पेटी: काय ठेवू, कोणाला देऊ?

महालवाला (नागपूर)

नमस्कार मंडळी,

मी फोटोग्राफर नाही, हे आधीच सांगतो. नागपुरात महालात माझं औषधांचं दुकान आहे. इथे फिल्मचे जुने जाणकार लिहितात असं पुतण्यानं सांगितलं, म्हणून खातं उघडलं. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय माझा प्रश्न समजायचा नाही.

माझा शाळासोबती मागच्या मे महिन्यात गेला. पहाटे छातीत दुखलं आणि अर्ध्या तासात सगळं संपलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही, वहिनींना तसं विचारलेलं नाही. पोरं त्याला काका म्हणायची, तुम्हीही काकाच म्हणा.

तो आरएमएसमध्ये सॉर्टर होता. रात्रभर रेल्वेच्या डाकडब्यात पत्रं लावायची, सकाळी घरी येऊन दोन-तीन तास झोपायचं, की कॅमेरा घेऊन बाहेर. आधी वडिलांचा आगफा क्लिक थ्री होता, एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघायचे. पुढे बोनसच्या पैशातून जुना पेंटॅक्स के1000 घेतला आणि शेवटपर्यंत तोच वापरला. लग्नाची कामं त्यानं घेतली नाहीत. फोटोचे पैसे कधी कोणाकडून घेतले नाहीत. माझं काम ट्रायपॉड धरायचं. तीस वर्षं धरला.

दर वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आम्ही इतवारीत मारबतीला जायचो. काळी अन् पिवळी मारबत समोरासमोर येतात तिथे एका ओळखीच्या माणसाच्या गच्चीवर जागा ठरलेली होती. खाली ‘इडा, पीडा घेऊन जा गे मारबत’चा गजर, धूळ, ढोल. आणि हा पोरांना कॅमेऱ्यातल्या उजेड मोजायच्या मीटरबद्दल समजावून राहिला, “मीटरवर भरवसा ठेवू नको. ते बिचारं सगळ्या जगाले राखाडी समजते. काळी मारबत काढशील तर मीटर सांगते त्याहून दीड-दोन स्टॉप कमी उजेड दे, नाहीतर राख फासल्यावानी येईल. पिवळीले थोडा जास्ती दे.” मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतही म्हणेन.

दीक्षाभूमीला तो दर अशोक विजयादशमीला जायचा. मंचाचे, पुढाऱ्यांचे फोटो काढायचा नाही. पुस्तकांच्या दुकानांपाशी उभा राहायचा. डोक्यावर गाठोडं घेऊन बुलढाण्याहून आलेली म्हातारी पदराच्या गाठीतून पैसे सोडून नातवाला पुस्तक घेऊन देते, असले फोटो. एकदा मी म्हटलं, अरे स्तूप काढ ना. तर म्हणाला, “स्तूप उद्याही इथंच राह्यते. ही बाई रात्रीच्या गाडीनं चालली.”

आता शिकवण्याबद्दल, कारण माझा प्रश्न तिथेच अडला आहे.

रविवारी सकाळी सहाला गांधीसागर तलावाच्या पायऱ्यांवर पोरं जमायची. कोणी चहाच्या टपरीवर काम करणारा, कोणी नर्सिंगच्या होस्टेलची मुलगी, ऑटोवाल्याचा पोरगा, पॉलिटेक्निकचे दोन-चार. फी नव्हती. त्याच्याजवळ तीन-चार जुने कॅमेरे होते, ते तो आठवड्याला देऊन टाकायचा, वहीत नाव लिहून. देताना मीटरचा सेल काढून घ्यायचा. के1000 चा सेल फक्त मीटरसाठी असतो, शटर त्याच्याशिवाय चालतं, हे मला त्याच्यामुळेच माहीत. “100 ची फिल्म, चटचट ऊन, तर एफ 16 अन् 1/125. नागपूरचं ऊन आहे, ते धोका देत नाही,” म्हणायचा. एफ म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं, 1/125 म्हणजे शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं. सावलीत किती, ढगात किती, तलावावर संध्याकाळी किती, हे पोरांनी डोळ्यानं ओळखायचं.

फिल्म तो शंभर फुटांच्या रिळातून घरीच अंधारात कापून भरायचा. तेव्हा ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू मिळायची, कधी ऑर्वो. रिकामी डबडी स्टुडिओवाल्यांकडून मागून आणायचा. एका रिळातून छत्तीसचे अठरा रोल निघतात, हा बारा-बाराचे चाळीसच्या वर काढायचा. पोराला बाराच फोटो, आणि ते महिनाभर पुरवायचे. पुढे मोबाईल आले तेव्हाही नियम तोच. बारा काढायचे अन् पुसायचा एकही नाही.

कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे ढीग लागले की पोरांना घेऊन जायचा. काळ्यापांढऱ्या फिल्मवर संत्री आणि खालचं पोतं एकाच रंगाचं दिसतं. मग तो खिशातून केशरी जिलेटिनचा तुकडा काढून प्रत्येकाच्या डोळ्यासमोर धरायचा. त्यातून पाहिलं की संत्री उजळतात, आभाळ काळवंडतं. पोरं आधी डोळ्यावर लावून पाहायची, मग लेन्सवर लावायची.

रोल धुवायचा कारखाना त्याच्या न्हाणीघरात. उन्हाळ्यात फार हाल. डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं रसायन, वीस अंशांवर लागतो आणि मे महिन्यात आमच्या नळाला पस्तीस अंशांचं पाणी. तो घमेल्यात माठातलं पाणी अन् बर्फ घालून त्यात टाकी ठेवायचा, भोवती ओलं पोतं. तरी चोवीसच्या खाली आला नाही तर दहा मिनिटांची सात करायचा. माझ्या दुकानातला तापाचा थर्मामीटर तिथे चालत नाही, तो पस्तीसच्या खाली उतरतच नाही. म्हणून मी त्याला प्रयोगशाळेतला आणून दिला होता. तो अजून त्या पेटीतच आहे.

तर पेटी. वहिनी आता लेकीकडे अमरावतीला राहायला गेल्या. घर भाड्यानं द्यायचं म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा ही लोखंडी पेटी त्यांनी माझ्या स्वाधीन केली. वर टिनाचं छप्पर, म्हणजे पेटीनं किती उन्हाळे सोसले ते तुम्ही समजा. आत डांबरगोळ्या टाकलेल्या. मी पाकिटं मोजली, 214 निघाली. काहींना आंबूस वास येतो, लोणचं बिघडल्यासारखा. काही पट्ट्या नळीसारख्या वळल्या आहेत.

मी एका संस्थेत जाऊन विचारलं. ते म्हणाले, चांगले पन्नास निवडून आणा, मग पाहू. मी कसा निवडू? घरी येऊन एकेक पाकीट उघडायला बसलो तेव्हा लक्षात आलं की 214 पैकी 87 पाकिटं त्याची नाहीतच. ती पोरांची आहेत. त्यांचे पहिले रोल, फसलेले. पोरं टाकून गेली अन् यानं जपून ठेवले. प्रत्येकात एक चिठ्ठी, त्याच्या सॉर्टरच्या बारीक अक्षरात:

“सगळे फोटो दुरून. पोरगी लोकांले भेते. पुढच्या खेपेले आधी बोल, मंग कॅमेरा काढ.”

“1/15 वर हात हलला. श्वास रोकला नाही. पण उजेड बरोबर ओळखला.”

“बाराही बकरीचे. चांगलं आहे. बकरी सोडू नको म्हणा.”

“फिल्म चढलीच नाही. कोरी. फार रडला. दुसरी देली.”

नावं बहुतेकांवर नाहीत, नुसते नंबर. नंबराची वही सापडत नाही.

हे मी काय करू? त्याचे स्वतःचे फोटो जपायचे हे तर ठरलेलंच, ते कसे ते सांगा. पण हे 87? फेकून द्यायला हात होत नाही. परत करायचे तर कोणाला? मे महिन्यात वर्षश्राद्ध आहे. वहिनींची इच्छा आहे की त्या दिवशी त्याच्या आवडीचं काहीतरी व्हावं. आणखी एक सल आहे. वर्तमानपत्रात श्रद्धांजली द्यायची होती तर त्याचा एक धड फोटो घरात निघाला नाही. ऑफिसच्या ओळखपत्रावरचा मोठा करून दिला. त्यात तो आमचा वाटतच नाही.


हायपो (पुणे)

काका, तुमच्या मित्राला नमस्कार. मी वीस वर्षं लॅबमध्ये काढली आहेत, म्हणून आधी तातडीचं सांगतो.

डांबरगोळ्या आजच काढा. फिल्मजवळ असली रसायनं ठेवू नयेत. आंबूस वास येतो तो ॲसिटेट या प्लास्टिकच्या फिल्मचा रोग आहे. उष्णता आणि दमट हवेनं फिल्मचा पायाच विघटू लागतो, त्यातून व्हिनेगरमधलं आम्ल सुटतं आणि त्या आम्लानं विघटन आणखी वेगानं होतं. शेजारच्या चांगल्या पट्ट्यांनाही ते लागतं. म्हणून वास येणारी पाकिटं वेगळ्या खोक्यात, हवा खेळेल अशी ठेवा. गेलेली फिल्म सुधारत नाही, पण थंडीत तिची गती फार मंदावते. कॉपी करायला सुरुवात याच पट्ट्यांपासून करा, चांगल्या पट्ट्या थांबू शकतात.

बाकीच्यांना लोखंडी पेटी नको. टिनाखालचा माळा तर मुळीच नको. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, भिंतीपासून दूर, जमिनीपासून वर. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवा, तुमच्या दुकानात ती रोजच येत असेल. निळी गुलाबी झाली की तापवून पुन्हा कोरडी करता येते. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर फार दिवस राहिली की बुरशी धरते, आणि नागपूरचा उन्हाळा कोरडा असला तरी श्रावण-भाद्रपद कोरडा नसतो. बुरशी दिसली तर पाण्यानं धुऊ नका. बुरशीनं फिल्मवरचा चित्राचा जिलेटिनचा थर पाण्यात विरघळण्याजोगा केलेला असतो, चित्रच वाहून जाईल. पीव्हीसीची पाकिटं असतील तर बदला, पॉलिप्रॉपिलीनची घ्या. पट्टी नेहमी कडेनं धरायची.

आता कॉपी. महागड्या स्कॅनरची गरज नाही. मॅक्रो (अगदी जवळून फोटो घेणाऱ्या) लेन्सचा डिजिटल कॅमेरा, खाली एलईडीचा पांढरा पाट, वर पट्टी. पट्टीची मंद, म्हणजे कमी चकाकणारी बाजू लेन्सकडे, मग चित्र संगणकावर आडवं उलटायचं. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढा. पण त्याच्या आधी एक काम करा, याला काही लागत नाही. टॅब किंवा लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडून त्याच्यावर एकेक पाकिटातल्या पट्ट्या मांडा आणि मोबाईलनं फोटो घ्या. मोबाईलमध्ये रंग उलटे केले की निगेटिव्हचं चित्र दिसतं. पाकीट, चिठ्ठी आणि पट्ट्या, तिन्ही एकाच फोटोत येऊ द्या. चिठ्ठी आणि पट्टीची एकदा ताटातूट झाली की पुन्हा जुळत नाही. नवे नंबर शिसपेन्सिलीनं, पाकीट रिकामं असताना लिहा. बॉलपेनचा दाब फिल्मवर उमटतो.

आणि काका, माठाच्या पाण्यात धुतलेल्या त्या पट्ट्या नीट पाहा. पाणी एकदम गरम-थंड झालं तर जिलेटिनला सुरकुत्या पडतात. तुम्ही लिहिलंय तसं तो वागत असेल तर त्यानं त्या फार जपून धुतल्या आहेत.


उमरेड रोड

श्रद्धांजली. पण मी वेगळं मत देतो, राग मानू नका. मीही फोटो काढतो, माझ्याकडेही फसलेल्या रोलचा ढीग होता, मी जाळला. माणसाचं काम म्हणजे त्यानं निवडलेलं काम. त्या संस्थेनं पन्नास मागितले ते चूक नाही. मारबत, दीक्षाभूमी, संत्री, यातले उत्तम पन्नास निवडा, मोठे प्रिंट करा, प्रदर्शन लावा. अनोळखी पोरांचे हललेले फोटो जपण्यात तुमची वेळ आणि पैसा दोन्ही जाईल, आणि त्याचे चांगले फोटो तोवर सडतील.


महालवाला

उमरेड रोड, राग नाही. तुमचं वेळेबद्दलचं म्हणणं खरं आहे, म्हणून वास येणारी पाकिटं मी कालच वेगळी केली. डांबरगोळ्याही काढल्या.

पण निवडलेलं काम म्हणाल तर, जाळायचे असते तर त्यानं जाळले असते. त्यानं 87 पाकिटं चिठ्ठी लिहून, नंबर टाकून, स्वतःच्या फोटोंच्या मधोमध लावून ठेवली. पत्रं लावणाऱ्या माणसानं लावलेली पेटी आहे ती. कोणतं पाकीट कुठे, हे उगीच झालेलं नाही. त्याच्या मारबतीच्या पाकिटाला लागून त्याच दिवसाचं पोराचं पाकीट आहे. मी हे मोडणार नाही.


काळा कोट (नागपूर)

कायद्याचं थोडक्यात. छायाचित्राचा कॉपीराइट काढणाऱ्याचा. 2012 च्या दुरुस्तीनंतर तो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं राहतो. म्हणजे तुमच्या मित्राच्या फोटोंवर आता वहिनी आणि लेकीचा हक्क आहे. पेटी तुमच्या हाती दिली म्हणून हक्क तुमच्याकडे येत नाही. कोणत्याही संस्थेला देण्याआधी त्यांची लेखी संमती घ्या, आणि मूळ निगेटिव्ह द्यायच्या की नुसत्या प्रती, हे त्या कागदात स्पष्ट लिहा. मी असतो तर मूळ दिल्या नसत्या.

पोरांचे 87 रोल पोरांचे आहेत. फिल्म त्यानं दिली, धुतली त्यानं, तरी बटण पोरानं दाबलं. ते छापायचे किंवा लावायचे तर ज्याला शोधता येईल त्याला विचारा.


नॅरोगेज

काका, एकच प्रश्न. तुमच्या मित्रानं छोट्या रेल्वेचे फोटो काढले होते का? आरएमएसचा माणूस म्हणजे काढलेच असणार. इतवारी-नागभीड ही अडीच फुटी गाडी 2019 मध्ये बंद झाली, छिंदवाड्याची त्याआधीच. मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयात इंजिनं आणि डबे आहेत, पण डब्यात बसलेली माणसं कुठे आहेत? उमरेड, भिवापूर, कुही ही स्टेशनं मी फोटोवरून ओळखून देईन. नंबर, महिना, वर्ष काहीही नसलं तरी चालेल.


महालवाला

नॅरोगेज, आहेत. अकरा पाकिटं. त्यानं गाडीचे कमी काढले, आतल्या माणसांचे जास्त. भिवापूरच्या मिरचीची पोती, त्याच्यावर झोपलेला एक म्हातारा, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलेली शाळेची पोरं. तुम्ही स्टेशनं सांगा, मी चिठ्ठ्यांवर पेन्सिलीनं लिहितो.


रामटेकचा (सध्या हैदराबाद)

मी हे दोन दिवस वाचतो आहे आणि लिहायची हिंमत होत नव्हती.

काका गेले हे मला इथे कळलं. “फिल्म चढलीच नाही. कोरी. फार रडला. दुसरी देली.” हा मी आहे.

मी तेव्हा सीताबर्डीवर एका हॉटेलात काम करायचो आणि रात्रशाळेत दहावी करत होतो. काकांनी मला के1000 दिला. फिल्म कशी चढवायची ते दोनदा दाखवलं. मला वाटलं, समजलं. मारबतीच्या गर्दीत मी पुढे, पार पुढे गेलो होतो. बारा वेळा बटण दाबलं. एक फोटो असा मिळाला होता, की काळी मारबत वळते आहे आणि तिच्या हाताखाली एक लहान मुलगी बापाच्या खांद्यावर बसून हात जोडते आहे. मला अजून दिसतो. धुतल्यावर काकांनी पट्टी उजेडात धरली. टोकाचा थोडा भाग काळा, बाकी काचेसारखी स्वच्छ. फिल्मचं टोक आतल्या रिळात अडकलंच नव्हतं. मी बाराही वेळा एकाच जागी बसलेल्या फिल्मवर बटण दाबत होतो, आणि शटरसमोर होतं ते तिचं आधीच उजेड लागलेलं टोक.

मी रडलो. हॉटेलची सुट्टी कापली गेली होती. काका ओरडले नाहीत. त्यांनी दुसरा रोल आणला, कॅमेरा माझ्या हातात दिला, चढवायला लावला आणि म्हणाले, “आता कळ फिरव. फिरवून राहिला नं? मंग ही डाव्या हाताची रिवाइंडची कळ पाह्य. फिल्म चढली असंल तर ती बी फिरते. हिच्याकडे पाह्यल्याशिवाय पहिला फोटो काढाचा नाही.” ती कळ फिरताना पाहिली आणि मला काय समाधान वाटलं ते सांगता येत नाही.

आता मी इथे एका वर्तमानपत्रात फोटोग्राफर आहे. कॅमेरा डिजिटल आहे, ती कळ त्याला नाहीच. तरी कामावर निघताना कार्ड आणि बॅटरी दोनदा उघडून पाहतो. नवीन मुलं आली की त्यांनाही तेच करायला लावतो.

महालवाले काका, ती पट्टी मी त्यांना फेकून द्या म्हटलं होतं.


हायपो

रामटेकचा, तुमचं वाचून मला माझे गुरुजी आठवले. त्यावरून एक विचारतो. काका, तुमच्या मित्रानं रोलवर नंबर टाकायची काही पद्धत ठेवली होती का? पाकिटं हरवतात, म्हणून जुने शिकवणारे रोलच्या पहिल्या फ्रेमवरच नंबर घ्यायचे. वही सापडत नसेल तर प्रत्येक पट्टीची पहिली फ्रेम पाहा.


महालवाला

हायपो भाऊ, तुमचं काल रात्री वाचलं आणि दुकान बंद करून बसलो तो पहाटे चार वाजले.

पद्धत होती, आणि ती मला माहीत होती. कॅमेरा दिला की पोराला तो गांधीसागरच्या पायरीवर उभं करायचा, स्वतः दहा फुटांवर जायचा आणि शाळेची पाटी छातीशी धरायचा. पाटीवर खडूनं नंबर आणि तारीख. “फोकस पाटीवर. पहिला फोटो हिशेबाचा.” कितीदा खडू मी आणून दिला. पण ती हिशेबाची गोष्ट, तो फोटो आहे हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

पुतण्याच्या टॅबवर एकेक पट्टी मांडली, मोबाईल उलटा रंग करून वर धरला. 87 मधल्या 83 पट्ट्यांत तो आहे.

पाटी बहुतेकांत वाचता येते, तो मात्र कुठे हललेला, कुठे वाकडा. काहींनी त्याचं डोकंच कापलं आहे. एकात कोपऱ्यात पोराचं बोट आलं आहे. एकात तो पाटी धरून काहीतरी सांगतो आहे, तोंड उघडं, बहुतेक “हालू नको बे” म्हणत असेल. पहिल्या पट्ट्यांत मिशी काळी, मध्येच कुठेतरी चष्मा येतो, पुढे मिशी पांढरी. तोच करडा स्वेटर आठ-नऊ हिवाळ्यांत. मागे तलाव, तलावाच्या पलीकडे दर दोन-तीन वर्षांनी एखादी इमारत वाढत गेलेली. दोन पट्ट्या बुरशीनं चिकटल्या आहेत, त्या उघडायच्या भानगडीत मी पडलो नाही. एकीत पहिली फ्रेम कापली गेली आहे. आणि एक तुमची, रामटेकचा.

सकाळी वहिनींना फोन केला आणि दहा-बारा फोटो पाठवले. बराच वेळ काही उत्तर आलं नाही. मग लेकीनं फोन करून सांगितलं, आई त्या तोंड उघड्या फोटोवर अडकली आहे, तोच मोठा करायचा म्हणते, बाकी कोणता नको.

वर्षश्राद्धाचं मग ठरलं तसं. प्रदर्शन सध्या नाही. त्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी सहाला, गांधीसागरच्या त्याच पायऱ्यांवर पाकिटं घेऊन बसायचं. ज्याला पाटीवरची तारीख आठवेल त्यानं यावं, आपला रोल न्यावा. त्याच्या पहिल्या फ्रेमची एक प्रत वहिनींसाठी ठेवून घेईन, काळा कोट म्हणतात तशी संमती विचारून. जे येणार नाहीत त्यांची पाकिटं माझ्या दुकानात, सिलिका जेलच्या डब्यात राहतील. 2003 च्या आसपासचा बकऱ्यांचा रोल कोणाचा ते कोणाला माहीत असेल तर कळवा. बाराही फोटो फार सुरेख आहेत.

त्याच्या स्वतःच्या 127 पाकिटांची कॉपी करायला हायपोंनी सांगितला तसा एलईडीचा पाट मागवला आहे. वास येणारी एकोणीस आधी.


रामटेकचा

मी येतो. त्या शनिवारी रात्रीच्या गाडीत बसेन.

महालवाले काका, माझ्या पट्टीत काका नाहीत हे मला माहीत आहे. पायरीवर उभा राहून मीही पाटीचा फोटो काढला होता, बटणाचा आवाजही आला होता. तरी ती पट्टी मला हवी आहे. चिठ्ठीसकट.


महालवाला

वेगळी काढून ठेवली आहे. टोकाचा काळा भाग थोडा वळला आहे, बाकी पट्टी सरळ आहे. चिठ्ठीच्या मागेही काही लिहिलेलं सापडलं, मी आधी पाहिलं नव्हतं: “दुसऱ्या रोलले कळ फिरली. पाह्यत राह्यला.”

येताना उन्हाची टोपी आणा, मे महिना आहे. सहानंतर पायऱ्या तापतात. ट्रायपॉड मी आणतो.